शिकवणीचं दरपत्रक

शिकवणी घ्यायची हे माझं पाच मिनिटांत ठरलं. फी किती घ्यायची हे ठरायला मात्र तीन आठवडे गेले. तेवढ्यात एक शेजारी माझ्याशी बोलेनासा झाला, मेहुण्याने मला 'व्यवहारशून्य' ठरवलं आणि आमच्या इमारतीच्या कमिटीच्या इतिवृत्तात माझी नोंद 'उपद्रव' या सदराखाली झाली. त्या सदरात त्याआधी फक्त कबुतरं होती.

आता यात लाजिरवाणी गोष्ट अशी, की दर ठरवणं हा माझा धंदा. विमा कंपनीत हप्त्यांचे दर काढणाऱ्या खात्यात मी एकतीस वर्षं काढली. पंचेचाळीस वर्षांचा, दिवसाला दहा सिगारेटी ओढणारा, जिने चढताना धापा टाकणारा माणूस आणा, त्याचा हप्ता मी चहा निवायच्या आत सांगत असे. पुढे ते काम करायला यंत्र आलं आणि मी घरी आलो. घरी आल्यावर पहिल्या महिन्यात मी स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर 'संपण्याची संभाव्य तारीख' लिहिलेली चिठ्ठी लावली. साखर चार दिवस आधी संपली तेव्हा मी बायकोकडे खुलासा मागितला. बायको रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते, दिवसभर सुया टोचून येते, तिची सहनशक्ती तशी मोठी आहे. पण त्या दिवशी ती म्हणाली, "अहो, काहीही करा, पण माणसांत जा."

माणसं दुसऱ्याच दिवशी घरी आली. तिसऱ्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात. शाळेचे गणवेश, पडदे, कोटाची अस्तरं, सगळं शिवतात. सगळी इमारत त्यांना टेलरबाई म्हणते. त्या मुलीला घेऊन आल्या. मुलीला घरात छोटी म्हणतात, आणि ही छोटी आमच्या दारातून वाकून आत आली, एवढी उंच.

"दादा," टेलरबाई म्हणाल्या, "हिचं गणित राहिलंय. एकदा नाही, दोनदा. हिला नर्सिंगला जायचंय. बाकी सगळ्या विषयांत चांगली आहे, पण गणित सुटल्याशिवाय ते दारात उभं करत नाहीत. तीनदाच बसता येतं. म्हणजे ही शेवटची खेप. नाहीतर बसेल माझ्याबरोबर काज-बटणं करत."

छोटी जमिनीकडे बघत होती. मला एकदम भरून आलं. म्हटलं, "पाठवा उद्यापासून. पाच वाजता."

"फी किती?"

"अहो, फी कसली? शेजारधर्म आहे की नाही काही!"

टेलरबाई तिथल्या तिथे उठल्या. "मग नको. फुकटची शिकवणी ही मनावर घेणार नाही. आणि एखाद्या दिवशी तुम्ही टाळलीत तर मला विचारायची सोय राहणार नाही. किती ते ठरवा आणि सांगा. तोवर येईल ती, मागाहून हिशेब करू."

"सांगतो की, दोन दिवसांत सांगतो," मी म्हणालो. खरं तर तिथेच एक आकडा तोंडावर फेकला असता तर ही कथा इथेच संपली असती. पण एकतीस वर्षं शास्त्रशुद्ध दर काढलेल्या माणसाला असा ठोकून आकडा सांगता येत नाही हो. अंगातच नसतं ते.

पहिला सल्ला तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी दिला. मी न विचारता दिला, कारण त्यांना आपल्या मुलालाही माझ्याकडे पाठवायचं होतं. "तुमचं चुकतंय ते असं," ते म्हणाले. माझं अजून काहीच सुरू झालं नव्हतं, तरी चुकायला लागलं होतं. "पहिल्या भेटीत फीचं नावच काढायचं नाही. वही उघडायला लावायची. आत दिवा मारल्यासारखं बघायचं. मग नुसतं 'अरेरे' म्हणायचं. पालक स्वतःच विचारतात, डॉक्टर, वाचेल ना? त्यानंतर तुम्ही सांगाल तो आकडा त्यांना स्वस्त वाटतो." मला तीन वर्षांपूर्वी माझ्याच दाढेच्या वेळी ऐकलेलं 'अरेरे' आठवलं आणि जीभ आपोआप त्या जागेवर गेली.

दुसरा सल्ला मेहुण्याचा. हा पाणी शुद्ध करायची यंत्रं विकतो आणि जगातल्या सगळ्या वस्तू आतून गाळण्याच आहेत असं समजतो. "भाऊजी, एक दर ठेवायचा नसतो. तीन ठेवायचे. साधं पॅकेज, रुपेरी पॅकेज, सोनेरी पॅकेज."

"गणितात साधं आणि सोनेरी काय असतं?"

"साध्यात तुम्ही गणित करून दाखवायचं. रुपेरीत समजावून सांगायचं. सोनेरीत न चिडता समजावून सांगायचं."

"म्हणजे साध्या पॅकेजवाल्याला समजावून सांगायचं नाही?"

"त्याला कळलं तर तो रुपेरी घेईल कशाला?" मेहुणा माझ्याकडे कीव आल्यासारखा बघत म्हणाला.

बायको ताटं मांडत होती. तिने विचारलं, "तुम्ही आत्ता छोटीशी कुठल्या पॅकेजमध्ये बोलताय?" मी पाण्याची भांडी भरायला घेतली. कारण त्या संध्याकाळी छोटीने तीन वजा पाच बरोबर दोन लिहिलं होतं आणि माझा आवाज जिन्यापर्यंत गेला होता.

तिसरे होते आमच्या इमारतीचे सेक्रेटरी. सेवानिवृत्त माणूस, वेळ भरपूर, नियमावली तोंडपाठ. त्यांनी मला लिफ्टमध्ये गाठलं आणि लिफ्टचं दार धरून ठेवलं, त्यामुळे मला पळता आलं नाही.

"तुमच्याकडे शिकवणी चालते असं कळतं. पैसे घेता?"

"अजून ठरलं नाही."

"ठरवा. पैसे घेत असाल तर व्यवसाय झाला. व्यवसायाला देखभाल खर्च दुप्पट. घेत नसाल तर येणारी मुलं पाहुणे झाली. पाहुण्यांनी खाली वहीत सही करायची. आठवड्यात तीनपेक्षा जास्त वेळा आलेला पाहुणा रहिवासी धरला जातो आणि त्याचा पाण्याचा आकार तुमच्यावर पडतो."

"अहो, पण छोटी याच इमारतीत राहते."

"तीच तर अडचण आहे. याच इमारतीतला रहिवासी पाहुणा कसा होईल?" त्यांनी खिशातून तीन प्रतींचा अर्ज काढला. हा माणूस अर्ज खिशात घेऊन फिरतो. "हा भरा. सातव्या रकान्यात दर लिहायचा. दर नसेल तर अर्ज घेता येत नाही. आणि जाता जाता, आमच्या नातवालाही पाठवीन म्हणतो उद्यापासून. त्याचं डोकं चांगलं आहे, फक्त वापरत नाही."

म्हणजे आठवड्याभरात विद्यार्थी तीन झाले आणि सातवा रकाना रिकामाच. तेव्हा मी ठरवलं, की आता कुणाचं ऐकायचं नाही, आपली विद्या आपण वापरायची. शनिवारी सकाळी पट्टी, पेन्सिल आणि चौकटींचा कागद घेऊन बसलो. काय सांगू तुम्हाला, इतक्या दिवसांनी बोटांत जीव आला! विम्याचं तत्त्व साधं आहे. जोखीम जास्त तिथे हप्ता जास्त. मूळ दर तासाला शंभर धरला. आधी नापास झालेल्याला दर खेपेमागे चाळीस टक्के वाढ. अपूर्णांकाची भीती, पंधरा टक्के. शिकवताना दाराकडे बघणं, बारा. अक्षर, पाच. फोन चाळणं, वीस. घरचा अभ्यास करून येणाऱ्याला सूट, शंका विचारणाऱ्याला आणखी सूट. शेवटी मुकुटमणी म्हणून एक रकाना: 'यशाची शक्यता'.

दातांच्या डॉक्टरांचा मुलगा सत्तरला पडला, शक्यता एक्याण्णव टक्के. सेक्रेटरींचा नातू एकशे पस्तीसला, शक्यता अठ्ठावन्न. छोटी दोनशे बाराला, शक्यता बावीस.

तुम्ही म्हणाल, त्या क्षणी तरी याच्या डोक्यात काही यायला हवं होतं. आलं ना. बेरीज परत एकदा तपासावी असं आलं. तपासली, बरोबर होती. आणि गोपनीयतेचा विचारही मी केला होता, हे नम्रपणे नमूद करतो. मुलांची नावं कुठेही लिहिली नाहीत. फक्त घरांचे क्रमांक लिहिले. मग सातव्या रकान्यात 'सोबतचा तक्ता पाहावा' असं लिहून मी तिन्ही प्रती सेक्रेटरींच्या दारातून आत सरकवल्या.

रविवारी सकाळी तक्ता खालच्या सूचनाफलकावर होता. व्यवसायाच्या अर्जावर सात दिवस हरकती मागवायच्या असतात, असा नियम निघाला. सेक्रेटरींनी स्वतः न वाचताच लावला होता. त्यांनी तो वाचला तेव्हा त्यांच्याभोवती आठ माणसं उभी होती.

साडेनऊला डॉक्टर वर आले. मला वाटलं, सगळ्यात कमी फी त्यांची, आभार मानायला आले असतील. "सत्तर?" ते ओरडले. "सगळ्या इमारतीत सगळ्यात कमी? लोकांना वाटेल मला परवडत नाही! निदान दीडशे तरी लावा." मी म्हटलं, दीडशे लावायचे तर मुलाची हुशारी कमी दाखवावी लागेल. ते बराच वेळ जिन्यात उभे राहिले. मुलगा हुशार हवा की फी मोठी हवी, याचा निर्णय त्यांना होईना.

दहाला सेक्रेटरी आले. "आमच्या नातवाला अठ्ठावन्न टक्के कुठल्या आधारावर? आमच्या घराण्यात साठच्या खाली कुणी गेलेलं नाही." त्यांनी फेरतपासणीचा अर्ज दिला. तोही तीन प्रतींत होता. साडेदहाला दुसऱ्या मजल्यावरच्या बाई आल्या. त्यांच्या घरात शाळेत जाणारं कुणीच नाही. त्यांना आपल्या नवऱ्याची यशाची शक्यता काढून हवी होती, कशातली ते नंतर सांगते म्हणाल्या.

खोटं कशाला बोलू, दुपारपर्यंत मला मजा वाटत होती. इतकी वर्षं ज्या माणसाला इमारतीत 'ते पहिल्या मजल्यावरचे' म्हणत, त्याच्या तक्त्यापुढे लोक ओठ हलवत उभे होते.

सोमवारी पाच वाजता डॉक्टरांचा मुलगा आला, नातू आला. छोटी आली नाही. मंगळवारी नाही. बुधवारी दाराखालून एक पाकीट आत आलं. आत आठशे अठ्ठेचाळीस होते. चार तास, दोनशे बाराप्रमाणे. वरची नाणीसुद्धा मोजून घातलेली. चिठ्ठी नव्हती.

मी ते पाकीट हातात घेऊन बसलो होतो तेव्हा बायको कामावरून आली. तिने पाकीट बघितलं, आकडा ऐकला, पर्स खाली ठेवली आणि माझ्यासमोर बसली.

"अहो, आमच्याकडे रोज शंभर माणसं येतात. एखाद्याचं रक्त वाईट निघतं. म्हणून मी त्याला 'तुझं वाईट निघालं, दुप्पट पैसे काढ' म्हणते का?"

"अगं, पण जोखमीचा सिद्धांत..."

"सिद्धांत ठेवा बाजूला. त्या पोरीला तुम्ही सगळ्या इमारतीसमोर फलकावर लिहून दिलंत, की तू होणार नाहीस. आणि तेवढं सांगायचे पैसेही तिच्याकडूनच घेतलेत." तिचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "आत्ता जिन्यात टेलरबाई भेटल्या. परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत शुक्रवारी दोनपर्यंत आहे. छोटी म्हणते, भरणार नाही."

तक्ता काढताना माझ्यासमोर एक अंक होता. आता त्याच्या जागी वाकून दारातून येणारी, जमिनीकडे बघणारी ती उंच पोरगी दिसायला लागली. मी चपला घातल्या. लिफ्ट वरच अडकली होती, म्हणून जिन्याने चढलो. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत मी धापा टाकत होतो.

टेलरबाईंच्या घरात पहिली खोली म्हणजेच दुकान. खिडकीपाशी मशीन, त्यावर अर्धा शिवलेला निळा सदरा, भिंतीला कागदी मापं खिळ्याला टांगलेली, जमिनीवर खडू आणि दोऱ्यांचे तुकडे. छोटी कोपऱ्यात बसून बटणं लावत होती. टेलरबाईंनी मशीन थांबवलं नाही.

"पैसे पोचले ना?"

"पोचले. परत आणलेत."

"राहू दे. घेणेकऱ्याचं तोंड बघायची सवय नाही मला." मग त्यांनी मशीन थांबवलं आणि माझ्याकडे वळल्या. डोळे लाल होते. "दादा, हिला दोन वर्षं मी उभी धरून ठेवली हो! दर वेळी निकाल लागला की चार दिवस जेवायची नाही. मी म्हणायची, अगं, होईल या खेपेला. आणि तुम्ही एका कागदाने सगळं..."

मी खडूच्या डब्याशेजारी जमिनीवरच बसलो. स्टूल होतं, पण त्यावर बसायची हिंमत झाली नाही. "छोटी," मी म्हटलं, "फॉर्म भर."

तिने दोरा दाताने तोडला. "काका, बावीस टक्के म्हणजे काय हो?"

आता, खोटं सांगायची सोय होती. 'अगं, ते काही खरं नसतं' असं म्हणता आलं असतं. पण आकड्यांच्या बाबतीत मी आयुष्यात खोटं बोललो नव्हतो आणि तिला ते लगेच कळलं असतं. म्हणून जे खरं होतं तेच सांगितलं.

"तुझ्यासारख्या शंभर जणी परीक्षेला बसल्या, तर त्यातल्या बावीस पास होतील."

"आणि त्या बावीस कोण?"

"ते सांगता येत नाही. कुणालाच येत नाही. आमच्या कंपनीत मी हजार माणसांचं सांगायचो, यंदा यातली किती जातील. दोन-चार इकडेतिकडे, बरोबर यायचं. पण त्यातला एक माणूस समोर उभा केला आणि विचारलं, की हा जाईल का, तर एकतीस वर्षांत मला एकदाही सांगता आलं नाही. तक्ता गर्दीचा असतो गं. एका माणसाबद्दल त्याला काही कळत नाही."

छोटीने हातातला सदरा खाली ठेवला. मग एकदम माझ्याकडे बघितलं, बहुधा पहिल्यांदाच.

"पण तुम्ही माझ्यासारख्या शंभर जणी बघितल्यात कुठे?"

"म्हणजे?"

"कंपनीत हजार माणसं होती. इथे मी एकटीच होते. मग बावीस कुठून आणलेत?"

टेलरबाईंची कात्री हवेतच राहिली. माझ्या खात्याच्या प्रमुखांनी, दोन तपासनिसांनी आणि एका परदेशी सल्लागाराने मला इतका अडचणीचा प्रश्न कधी विचारला नव्हता.

"अंदाजाने," मी कबूल केलं.

"माझ्याकडे बघून."

"हो."

"चार तासांत."

"हो गं बाई. चुकलं माझं. साफ चुकलं." मी, टेलरबाईंनी आणि सगळ्या इमारतीने त्या आकड्यावर विश्वास ठेवला होता. त्यातली चूक सापडली ती, जिचं गणित कच्चं आहे असं मी लिहून दिलं, त्या मुलीलाच.

छोटी आईकडे वळली. "आई, फॉर्म कुठे ठेवलायस?"

टेलरबाईंनी डोळे पुसले, आणि पुसून झाल्याबरोबर त्यांच्यातली धंद्याची बाई परत जागी झाली. "फॉर्म भरेल. पण फीचं आत्ता मी सांगते. धागा, वीज, मशीनचं तेल वजा जाता मला तासाला नव्वद सुटतात. तुम्ही हिला एक तास द्या, मी तुम्हाला माझा एक तास देते. नव्वद. माझा तास तुमच्या तासापेक्षा लहान नाही आणि मोठाही नाही."

आता खरं सांगायचं तर अभिमान जरासा दुखावला. माझा मूळ दर शंभर होता. पण त्या खोलीत शंभर म्हणायची माझी छाती झाली नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विचार केला तेव्हा शंभरच का, याचं कारणही सापडेना. जास्तीचे पैसे मी परत केले, त्यांनी मोजून घेतले.

शुक्रवारी परीक्षेच्या कार्यालयात छोटीबरोबर मी गेलो, कारण टेलरबाईंना गणवेश पोचवायचे होते. खिडकीतल्या कारकुनाने फॉर्म उलटसुलट केला. "तिसरी खेप आहे. तिसऱ्या खेपेला गुलाबी फॉर्म लागतो."

"मग गुलाबी द्या."

"गुलाबी संपले. सोमवारी येतील."

"मुदत आज दोनपर्यंत आहे!"

"हो, ती आजच आहे," कारकून समजूतदारपणे म्हणाला. पावणेदोन वाजले होते. मग मी जे केलं ते मला अजूनही खरं वाटत नाही. एरवी मी बसमध्येसुद्धा उरलेले सुट्टे पैसे मागत नाही. त्या दिवशी मी खिडकीच्या गजांत हात घातला आणि म्हटलं, "दोन वाजले तरी ही खिडकी बंद होणार नाही. साहेबांना बोलवा." साहेब आले. साहेबांनी विचार केला. शेवटी पांढऱ्या फॉर्मच्या डोक्यावर शाईने 'गुलाबी' असं लिहायचं, त्याखाली साहेबांनी सही करायची आणि शिक्का मारायचा, असं ठरलं. छोटीने 'गुलाबी' इतक्या जोरात लिहिलं की कागदाला भोक पडलं. एक वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी पावती मिळाली.

इकडे इमारतीत फीचा नवा नियम पसरला. तासाला तास. प्रत्येक पालकाने आपल्या एका तासाची कमाई द्यायची. आणि काय चमत्कार सांगू! एका संध्याकाळात सगळी इमारत गरीब झाली. दातांचे डॉक्टर, जे आठ दिवसांपूर्वी दीडशे लावा म्हणून भांडत होते, ते पडलेल्या चेहऱ्याने वर आले. "हल्ली लोकांचे दात फार चांगले झालेत हो. दिवसदिवस खुर्ची रिकामी असते. खर्च वजा जाता तासाला पंचेचाळीस धरा."

"टेलरबाईंच्या निम्मे?" आतून बायकोने विचारलं. "मग उद्या मी माझी अक्कलदाढ दाखवायला येते. अर्धा तास लागेल. साडेबावीस आणू ना?" तेव्हापासून डॉक्टर आमच्याशी बोलत नाहीत. मुलाला मात्र पाठवतात, आणि फी दोनशे देतात. खरा आकडा त्यांनी अजून सांगितलेला नाही.

सेक्रेटरी सर्वांत खूश होते. सेवानिवृत्त असल्यामुळे त्यांच्या तासाची कमाई शून्य निघाली. त्यांनी सातव्या रकान्यात स्वतःच्या हाताने 'बदलता' असं लिहून अर्ज मंजूर केला. फलकावरच्या तक्त्यामुळे रहिवाशांची शांतता भंगली, म्हणून माझी 'उपद्रव' अशी नोंदही केली. दोन्ही एकाच बैठकीत. मेहुणा सगळं ऐकून म्हणाला, "भाऊजी, तुम्ही सोनेरी गिऱ्हाईक फुकट घालवलंत." मी त्याला चहा दिला आणि विषय बदलला.

पुढचे दोन महिने छोटी रोज आली. वजाचं चिन्ह दिसलं की ती श्वास रोखून धरायची, जणू श्वास सोडला तर ते उडून जाईल. मी चिडायचो, मग पाणी प्यायचो, मग परत समजवायचो. ती चुकायची, खोडायची, परत चुकायची. एकदा एकच समीकरण अकरा वेळा चुकलं आणि बाराव्या वेळी बरोबर आलं, तेव्हा आम्ही दोघंही खुर्चीवरून उठून उभे राहिलो. वेळ कमी होता म्हणून वर्तुळाचा धडा सोडून दिला. आठ मार्कांचा होता. गेले तर गेले, म्हटलं.

निकाल लागला त्या दुपारी मी दार उघडं ठेवूनच बसलो होतो. वर्तमानपत्र हातात होतं, ते उलटं होतं असं बायको सांगते. साडेतीनला जिन्यात धावण्याचा आवाज आला. पुढे टेलरबाई, गळ्यात टेप, एका हातात कात्री तशीच. मागे छोटी. टेलरबाई नुसती कात्री हलवत होत्या, आणि मला कळेना, की मिठी मारणार आहेत की भोसकणार आहेत.

"त्रेचाळीस!" छोटी म्हणाली. "चाळीसला पास असतं, काका! त्रेचाळीस!"

मला रडू आलं. लपवण्यात काही अर्थ नाही, चांगलं हुंदके देऊन आलं. एकतीस वर्षांत मी लाखो माणसांचे आकडे काढले, त्यातला एकही कधी माझ्या दारात धावत आला नव्हता. टेलरबाई रडत होत्या, बायको कामावर होती म्हणून तिला फोन लावला तर तीही तिकडे रडली, आणि कुणाच्यातरी दंडाला पट्टा बांधलेला तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता दारावर थाप पडली. उघडलं तर छोटी, काखेत वही, वाकून आत येत होती.

"अगं, आज कशी?"

"वर्तुळ राहिलंय."

"अगं वेडे, पास झालीस ना! आता वर्तुळाचं काय करायचंय? नर्सिंगला कुणी विचारणार नाही तुला."

"माहितीये." ती नेहमीच्या खुर्चीत बसली, वहीचं कोरं पान उघडलं. "पण मला ते येत नाही ना."

मी चष्मा शोधला, कंपास काढला, तिच्या शेजारी खुर्ची ओढली आणि कागदाच्या मधोमध एक बिंदू दिला. ती पेन्सिल घेऊन पुढे वाकली.

"अहो," बायकोने आतून हाक मारली, "परीक्षा तर संपली. मग आता या तासाची फी काय लावणार?"

"थांब गं जरा," मी म्हणालो. "आम्ही कामात आहोत."